दोन देशांच्या कागद-पुठ्ठा निर्यातीची तुलना कशी करावी: फिनलंड आणि स्वीडनचं उदाहरण घेऊन

फिनलंड आणि स्वीडनची कागद-निर्यात एका आलेखावर मांडायला अर्धा तास पुरतो. दोन रेघा निघतात, २००९ ला खड्डा पडतो, २०२२ च्या आसपास उंचवटा येतो. चित्र देखणं असतं, पण त्यातले बरेचसे चढउतार कागदाचे नसतातच. काही डॉलरचे असतात, काही सीमाशुल्काच्या वर्गीकरणाचे, काही नोंदणीच्या पद्धतीचे. ही भेसळ गाळून काढली की मागे जे उरतं ते खरं दोन देशांमधलं अंतर. हा लेख त्या गाळणीबद्दल आहे.

उदाहरणासाठी हीच जोडी घेतली, कारण ती तुलनेला सोयीची आहे. दोघांकडे उत्तरेकडची जंगलं, दोघांचा कागद मुख्यतः परदेशात विकला जाणारा, दोघेही १ जानेवारी १९९५ ला युरोपीय संघात आले. पुढे फिनलंडने युरो घेतला, स्वीडनने २००३ च्या सार्वमतात तो नाकारला आणि क्रोना ठेवला. इतकं साम्य आणि एवढाच ठळक फरक असलेली जोडी क्वचित मिळते. तुमची जोडी वेगळी असली तरी पायऱ्या त्याच.

पायरी १: प्रश्न एका वाक्यात लिहून काढा

"कोणाची निर्यात जास्त वाढली?" यात किमान चार प्रश्न कोंबलेले आहेत. कोणाची कमाई वाढली? कोणी जास्त टन माल पाठवला? जागतिक बाजारातला कोणाचा वाटा वाढला? आणि देशाच्या एकूण निर्यातीत कागदाचं महत्त्व कोणाकडे वाढलं? चारही प्रश्नांची उत्तरं एकाच काळासाठी वेगवेगळी येऊ शकतात, येतातही. म्हणून स्प्रेडशीट उघडण्याआधी वाक्य लिहा: "१९९६ ते २०२३ या काळात दोन्ही देशांनी परदेशी पाठवलेल्या कागद-पुठ्ठ्याचं वजन आणि त्याचा सरासरी भाव कसा बदलला?" असं. वर्ष, वस्तू, माप ही तिन्ही त्यात आली पाहिजेत.

पायरी २: 'कागद' म्हणजे नेमकं काय ते ठरवा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, त्यामुळे इथे सावकाश जाऊ.

जगभरचं सीमाशुल्क खातं मालाला जे सांकेतिक क्रमांक देतं ती पद्धत म्हणजे हार्मोनाइज्ड सिस्टिम, थोडक्यात एचएस. ती १ जानेवारी १९८८ पासून लागू आहे. त्यातलं प्रकरण ४८ म्हणजे कागद, पुठ्ठा आणि त्यांच्या वस्तू. लगदा आणि रद्दी प्रकरण ४७ मध्ये, छापील पुस्तकं-वर्तमानपत्रं प्रकरण ४९ मध्ये. सरसकट तिन्ही एकत्र करू नका. लगदा हा कागदाचा कच्चा माल आहे, आणि गिरणी कागद करणं थांबवून लगदाच विकायला लागली तर ती मोठी घडामोड असते. तिन्हींची बेरीज केली तर नेमकी तीच दिसेनाशी होते.

प्रकरण ४८ च्या आतही दोन वेगळे धंदे राहतात. साधारण ४८०१ ते ४८११ हे गिरणीतून निघणारे रोल आणि ताव: ४८०१ वर्तमानपत्री कागद, ४८०२ लिहिण्या-छापण्याचा कोटिंग नसलेला कागद, ४८०३ टिश्यूचा मूळ कागद, ४८०४ क्राफ्ट (पिशव्या-खोक्यांसाठीचा मजबूत कागद), ४८०५ कोटिंग नसलेले इतर कागद-पुठ्ठे, ४८१० चिनी मातीचं कोटिंग दिलेला, ४८११ प्लॅस्टिक वगैरेचं कोटिंग दिलेला. त्यापुढचे बरेचसे क्रमांक तयार वस्तूंचे आहेत: ४८१८ मध्ये टॉयलेट पेपर आणि रुमाल, ४८१९ मध्ये खोकी-पिशव्या, ४८२० मध्ये वह्या, ४८२१ मध्ये लेबलं. फिनलंड-स्वीडनचा जोर पहिल्या गटावर. खोकी बनवून विकणाऱ्या देशाशी त्यांची तुलना करायची असेल तर अख्खं प्रकरण ४८ घेणं म्हणजे कापडाची गिरणी आणि शिंप्याचं दुकान एका तराजूत तोलणं.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची, म्हणजे एफएओची, आकडेवारी इथेच वेगळी पडते. त्यांच्या 'कागद आणि पुठ्ठा' या शीर्षकात खोकी, पुस्तकं अशा तयार वस्तू धरलेल्या नसतात. त्यामुळे एका देशाचा आकडा एफएओचा आणि दुसऱ्याचा प्रकरण ४८ चा, अशी सरमिसळ झाली की तुलना तिथेच संपली.

आता एक गंमत. प्रकरण ४८ ची एकूण निर्यात वर्षावर्षाने मांडली की काही देशांच्या रेघेत २०१२ ला अचानक पायरी उतरल्यासारखी दिसते. मंदी नाही, संप नाही. मग काय झालं? बाळांचे डायपर आणि सॅनिटरी पॅड गेले. एचएसच्या २०१२ च्या आवृत्तीत ४८१८४० हा उपक्रमांक काढून टाकला आणि कागद, वॅडिंग (कापसासारखा मऊ थर), कापड अशा सगळ्या प्रकारचे डायपर ९६१९ या नव्या क्रमांकाखाली एकत्र केले. कारखाने तेच, ट्रक तेच, पण माल प्रकरण ४८ मधून बाहेर. आणि सगळे देश नवी आवृत्ती एकाच वर्षी लागू करतात असंही नाही. म्हणून एका देशाची पायरी २०१२ ला आणि दुसऱ्याची वर्षभराने पडू शकते.

यावर उपाय साधा आहे. प्रश्न गिरणीच्या कागदाचा असेल तर ४८०१ ते ४८११ एवढेच क्रमांक उचला. डायपरचा घोळ आपोआप टळतो. तयार वस्तू हव्याच असतील तर ४८१८४० सुरुवातीपासूनच वजा करा. ९६१९ परत जोडायच्या भानगडीत पडू नका, कारण त्यात पूर्वी कापडाच्या प्रकरणांत मोडणारा मालही आहे.

एचएसच्या आवृत्त्या १९९६, २००२, २००७, २०१२, २०१७ आणि २०२२ ला आल्या. या वर्षांच्या आसपास सहा आकडी क्रमांकाची रेघ उडी मारताना दिसली तर आधी संशय वर्गीकरणावर घ्या, बाजारावर नंतर. चार आकडी पातळीवर हा त्रास पुष्कळ कमी होतो. माझा नियम असा: रेघ चार आकडी क्रमांकावर काढायची, सहा आकडी क्रमांक फक्त कारण शोधायला उघडायचे.

१९८८ च्या मागे जायचं असेल तर एसआयटीसी ही जुनी पद्धत धरावी लागते. तिच्यात विभाग ६४ म्हणजे कागद-पुठ्ठा व त्याच्या वस्तू, त्यातला गट ६४१ म्हणजे मूळ कागद-पुठ्ठा आणि ६४२ म्हणजे मापात कापलेला कागद व वस्तू. लगदा आणि रद्दी विभाग २५ मध्ये.

पायरी ३: आकडे उतरवा, पण डोळे उघडे ठेवून

मुख्य ठिकाणं चार. यूएन कॉमट्रेड: देशांनी स्वतः कळवलेले व्यापाराचे आकडे, क्रमांकवार आणि भागीदारवार, म्हणजे माल कोणत्या देशाला गेला त्यानुसार. डब्ल्यूआयटीएस: जागतिक बँकेचं, बरंचसं त्याच माहितीवर चालणारं, पण वापरायला सोपं. फाओस्टॅट: एफएओचं, वनोत्पादनांचे आकडे १९६१ पासून, उत्पादन आणि निर्यात दोन्ही टनांत. आणि बाची: पॅरिसच्या सेपी या संशोधन संस्थेने कॉमट्रेडच्या आकड्यांत निर्यातदार आणि आयातदार यांच्या नोंदींचा मेळ घालून बनवलेला संच, १९९५ पासूनचा.

नवख्याने टनांसाठी फाओस्टॅट आणि डॉलरसाठी कॉमट्रेड घ्यावं असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. भाव काढताना मूल्य आणि वजन एकाच ओळीतून यायला हवं, दोन ठिकाणांचे आकडे एकमेकांवर भागले की निघालेला भाव कोणाचाच नसतो. दोन्ही कॉमट्रेडमधून घ्या आणि फाओस्टॅट पडताळणीला ठेवा.

उतरवताना एकक बघा. कॉमट्रेड डॉलर आणि किलो देतं, फाओस्टॅट हजार डॉलर आणि टन, डब्ल्यूआयटीएसही हजार डॉलर. तीन शून्यांची चूक चटकन लक्षात येते असं वाटतं, पण पिव्हट टेबलमध्ये दडून बसली की येत नाही.

माझी स्वतःची फजिती सांगतो. पहिल्यांदा ही तुलना केली तेव्हा एका देशाची निर्यात त्याच्या संपूर्ण कागद-उत्पादनापेक्षा जास्त दिसायला लागली. मी दोन दिवस पुनर्निर्यातीबद्दल वाचत बसलो. शेवटी कळलं की भागीदारांच्या यादीत जर्मनी, ब्रिटन, फ्रान्स यांच्यासोबत 'जग' अशीही एक ओळ होती आणि मी सगळ्यांची बेरीज केली होती. म्हणजे बरोब्बर दुप्पट. वस्तूंच्या बाबतीत हेच तिप्पट होऊ शकतं: ४८, ४८१० आणि ४८१०२२ या तिन्ही पातळ्यांच्या ओळी एकाच फाइलीत असतात आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या पोटात असते. फाइल उघडल्या उघडल्या क्रमांकाच्या लांबीवर फिल्टर लावा आणि 'जग' ही ओळ वेगळ्या शीटवर हलवा. नंतर भागीदारांची बेरीज त्या ओळीशी जुळवून बघा. जुळली नाही तर फाइल अर्धवट उतरली आहे.

कॉलम एवढेच पुरेत: वर्ष, कळवणारा देश, भागीदार, क्रमांक, मूल्य, निव्वळ वजन, आणि वजन कळवलेलं आहे की अंदाजाने भरलेलं आहे ती खूण. शेवटचा कॉलम लोक सर्रास उडवतात. उडवू नका. वजन अंदाजाने भरलेलं असेल तर त्यावरून काढलेला भाव म्हणजे अंदाज करणाऱ्यानेच गृहीत धरलेला भाव तुम्हाला परत मिळतो.

पायरी ४: सुरुवातीचं वर्ष निवडताना घाई करू नका

आमच्या जोडीसाठी १९९५ हे वर्ष मोह घालतं. दोघे संघात आले ते वर्ष, बाचीचंही पहिलं वर्ष. पण १९९५ ला लगदा आणि कागदाचे भाव जगभर चढले होते आणि १९९६ ला घसरले. डॉलरमधली तुलना १९९५ पासून सुरू केली तर दोघेही जणू शिखरावरून घसरताना दिसतात. शिवाय संघातल्या अंतर्गत व्यापाराची नोंद सीमेवरच्या कागदपत्रांऐवजी कंपन्यांनी कळवायच्या इंट्रास्टॅट पद्धतीने होऊ लागली, तेव्हा मोजण्याची पद्धतच त्या वर्षी बदलली.

२००५ आणखी वाईट. त्या वर्षी मे ते जून अखेर फिनलंडच्या कागद उद्योगात संप आणि टाळेबंदी चालली आणि गिरण्या सहा-सात आठवडे थंड पडल्या. आदल्या वर्षी सुमारे १.४ कोटी टनांवर असलेलं उत्पादन सव्वा कोटीच्या आसपास आलं. २००५ = १०० धरून आलेख काढला की २००६ मध्ये फिनलंडची भरारी दिसते. ती भरारी नाही, गिरणी पुन्हा सुरू झाली इतकंच. मुद्दाम असं वर्ष निवडून हवा तो निष्कर्ष काढता येतो, म्हणून दुसऱ्याचा आलेख वाचतानाही आधी पायाभूत वर्ष बघायची सवय लावा.

मी सुरुवातीला आणि शेवटी तीन-तीन वर्षांची सरासरी घेतो. १९९६–९८ ची सरासरी = १००. शेवटच्या टोकाला हे जास्तच गरजेचं आहे, कारण २०२२ हे एकच वर्ष घेतलं तर त्यात जानेवारी ते एप्रिल यूपीएम या कंपनीच्या फिनलंडमधल्या गिरण्यांत चाललेला संप आणि ऊर्जेच्या महागाईने चढलेले भाव हे दोन्ही एकमेकांत मिसळलेले आहेत.

इतर जोड्यांसाठी देशाची सीमाही तपासा. कॉमट्रेडमध्ये १९९० पर्यंत पश्चिम जर्मनीची वेगळी नोंद आहे, बेल्जियम आणि लक्झेंबर्ग १९९८ पर्यंत एकत्र आहेत, चेकोस्लोव्हाकिया १९९२ ला संपतो. नाव सारखं वाटलं तरी देश तोच असेल असं नाही.

पायरी ५: डॉलरचा चष्मा काढा

कॉमट्रेड सगळं चालू डॉलरमध्ये देतं. फिनलंडचा कागद मात्र मोठ्या प्रमाणात युरोत विकला जातो. २०१४ ला एका युरोला सरासरी १.३३ डॉलर मिळत होते, २०१५ ला १.११. समजा एखाद्या निर्यातदाराने दोन्ही वर्षी १०० कोटी युरोचा माल विकला. डॉलरच्या आलेखावर तो १३३ कोटींवरून १११ कोटींवर येईल. साडेसोळा टक्क्यांची घसरण, आणि गिरणीत एक रोलही कमी झालेला नाही.

दोन्ही देशांचं चलन एकच असतं तर निदान तुलनेत हे कटलं असतं. इथे एकाकडे युरो, दुसऱ्याकडे क्रोना, आणि दोन्ही डॉलरसमोर सारखेच हलत नाहीत. म्हणून दोन्ही देशांचे आकडे एकाच, त्यांच्या गिऱ्हाइकांच्या जवळच्या चलनात, म्हणजे इथे युरोत बदलून घ्या. वार्षिक सरासरी विनिमय दर वापरा, डिसेंबर अखेरचा नको. डॉलरचा आलेख फेकायची गरज नाही. त्याच्याशेजारी युरोचा ठेवा. जिथे दोन आलेखांची वळणं वेगळी, तिथे विनिमय दर बोलतोय.

महागाई हा पुढचा थर. दोन्ही देशांना एकच निर्देशांक लावला तर दोघांचं परस्पर नातं बदलत नाही, फक्त दोन्ही रेघा सारख्या प्रमाणात खाली येतात. म्हणजे प्रश्न 'कोण पुढे' एवढाच असेल तर ही मेहनत वाचवता येते. 'खरोखर वाढ झाली का' असा असेल तर नाही. कोणता निर्देशांक? ग्राहक महागाईचा घेतला तर कमाईची खरेदीशक्ती कळते. कागदाच्या उत्पादक किमतींचा घेतला तर मालाचं परिमाण कळतं. पण परिमाणासाठी टन हाताशी असताना हा आडवळणाचा रस्ता का घ्यावा, असं मला नेहमी वाटतं.

पायरी ६: कमाईचे दोन तुकडे करा, टन आणि भाव

हिशेब समजायला पुढचे आकडे कल्पित घेतले आहेत.

देश 'अ' ने सुरुवातीला ५० लाख टन कागद टनाला ७०० डॉलरने विकला: ३५० कोटी डॉलर. शेवटी ४० लाख टन, ९५० डॉलरने: ३८० कोटी. देश 'ब' ने सुरुवातीला ४५ लाख टन ६०० ने विकला, २७० कोटी. शेवटी ५४ लाख टन ६५० ने, ३५१ कोटी.

कमाईत 'अ' ८.६ टक्के वाढला, 'ब' ३० टक्के. बातमी इथेच थांबते. तुकडे केले की दिसतं, 'अ' चे टन २० टक्क्यांनी घटले आणि भाव ३५.७ टक्क्यांनी चढला, ०.८० गुणिले १.३५७ म्हणजे १.०८६. 'ब' चे टन २० टक्क्यांनी वाढले आणि भाव ८.३ टक्क्यांनी, १.२० गुणिले १.०८३ म्हणजे १.३०. लक्षात घ्या, टक्केवारीची बेरीज करायची नसते, गुणाकार करायचा. मधल्या काळात सर्वसाधारण किमती ३० टक्के चढल्या असतील, तर खऱ्या अर्थाने 'अ' १०० वरून ८३.५ वर आला आणि 'ब' जिथल्या तिथे राहिला. मघाशी जिंकलेला 'ब' आता फक्त टिकून आहे.

पण 'अ' चा भाव ३५.७ टक्के चढला म्हणजे त्याने गिऱ्हाइकाकडून जास्त पैसे काढले, असं लगेच म्हणू नका. मूल्य भागिले वजन हा खरा भाव नव्हे, सरासरी आहे. समजा देश फक्त दोनच माल विकतो: ५०० डॉलरचा वर्तमानपत्री कागद आणि १,००० डॉलरचा पुठ्ठा, निम्मे-निम्मे. सरासरी ७५०. आता कागद पाव आणि पुठ्ठा पाऊण झाला, भाव कवडीनेही हलले नाहीत, तरी सरासरी ८७५. साधारण १७ टक्क्यांची 'भाववाढ', जी कुठल्याच बिलावर सापडणार नाही. यासाठी सुरुवातीच्या वर्षाचे वाटे कायम ठेवून शेवटच्या वर्षाच्या भावांनी सरासरी पुन्हा काढा. मूळ सरासरी आणि ही, यांतलं अंतर भावाचं. ही आणि शेवटची सरासरी, यांतलं अंतर मालाच्या घडणीचं.

वजनाबद्दलही एक शंका मनात ठेवा. कागद किलोवर मोजला जातो, पण वापरला जातो चौरस मीटरवर. वर्तमानपत्री कागद हळूहळू पातळ होत चौरस मीटरला ४९ ग्रॅमच्या आसपासून ४५ ग्रॅमवर आला, म्हणजे त्याच टनात जास्त पानं निघतात. टन घटले म्हणून छापील पानंही त्याच प्रमाणात घटली असं नसतं.

पायरी ७: आत काय बदललं ते बघा

इथे खरा मजकूर आहे. बाकी पायऱ्या नाइलाजाने केल्या तरी चालतील, ही मन लावून करा.

दोन्ही देशांचे ४८०१ ते ४८११ हे क्रमांक तीन गटांत टाका. पहिला, छपाईचा कागद: ४८०१, ४८०२ आणि ४८१० मधला छपाईचा भाग. दुसरा, पॅकिंगचा: ४८०४, ४८०५, ४८१० मधला पुठ्ठ्याचा भाग (४८१०९२ म्हणजे अनेक थरांचा पुठ्ठा) आणि ४८११ मधला प्लॅस्टिकचं कोटिंग दिलेला, दूध-रसाच्या खोक्यांसाठी लागणारा पुठ्ठा. तिसरा, टिश्यू: ४८०३. राहिलेले किरकोळ. प्रत्येक गटाचे टन वेगवेगळ्या रंगात एकावर एक रचून दोन आलेख काढा, शेजारी शेजारी, एकाच मापाचे.

फिनलंडचा धंदा मासिकांच्या कागदावर उभा होता: ४८१०२२ खाली येणारा हलका कोटेड कागद आणि ४८०२ मध्ये येणारा चकाकी दिलेला. स्वीडनकडे वर्तमानपत्री कागद होता, पण क्राफ्ट लायनर (खोक्याच्या बाहेरच्या थराचा मजबूत कागद) आणि खोक्यांच्या पुठ्ठ्याची बाजू आधीपासून भक्कम. २००६-०७ च्या सुमारास फिनलंडचं एकूण उत्पादन १.४ कोटी टनांच्या घरात आणि स्वीडनचं सुमारे १.२ कोटी. मग वाचक पडद्याकडे वळला, मासिकांच्या जाहिराती गेल्या, आणि जो देश छपाईच्या कागदावर जास्त विसंबून होता त्याला फटका जास्त बसला. ही गोष्ट एकूण आकड्याच्या रेघेत दिसत नाही. रंगीत थरांत लगेच दिसते.

थरांना तारखा चिकटवा, म्हणजे आलेख वाचता येतो. फिनलंडमधल्या गिरण्या: वोइक्का २००६ ला बंद, सुम्मा आणि कायानी २००८ ला. कायपोला २०२० च्या अखेरीस बंद झाली, आणि देशातला वर्तमानपत्री कागद शेवटी तिथेच होत होता. म्हणून फिनलंडची ४८०१ ची ओळ त्यानंतर जवळपास रिकामी होते. हे आकडे गहाळ झालेले नाहीत, हे मुद्दाम सांगायला हवं, नाहीतर कोणीतरी तिथे अंदाज भरून टाकेल. ओउलूची गोष्ट जास्त बोलकी. तिथल्या गिरणीने २०२० ला कोटेड छपाईचा कागद थांबवला आणि २०२१ ला त्याच जागी क्राफ्ट लायनर सुरू केला. क्रमांकांच्या भाषेत ती ४८१० मधून ४८०४ मध्ये गेली. २०२१ लाच फिनलंडमधली व्हेइत्सिलुओटो आणि स्वीडनमधली क्वार्न्सव्हेडेन, स्टोरा एन्सो या कंपनीच्या दोन्ही गिरण्या बंद पडल्या. स्वीडनमधल्या ओर्टव्हिकेनने छपाईचा कागद सोडून लगद्याची वाट धरली. तो माल मग प्रकरण ४८ सोडून ४७ मध्ये गेला. लगदा वेगळा ठेवा असं पायरी २ मध्ये म्हटलं ते यासाठी: तळाशी प्रकरण ४७ ची एक बारीक रेघ काढून ठेवली की अशी गळती कुठे जमा झाली ते कळतं.

पायरी ८: आरशात बघून घ्या

फिनलंड म्हणतो, जर्मनीला इतका कागद पाठवला. जर्मनी म्हणतो, फिनलंडहून इतका आला. हे दोन आकडे कधीच तंतोतंत जुळत नाहीत, आणि जुळू नयेतच. निर्यात एफओबी मोजतात, म्हणजे बंदरापर्यंतची किंमत. आयात सीआयएफ, म्हणजे वाहतूक आणि विमा धरून. कागद अवजड आणि किलोमागे स्वस्त माल असल्याने हा फरक नजरेत भरण्याइतका असतो.

दुसरं कारण ल्युबेक. जर्मनीतलं हे बाल्टिक बंदर उत्तरेकडच्या कागदाचं मोठं उतारकेंद्र आहे. तिथे रोल गोदामात थांबतात आणि पुढे इतर देशांत जातात. पाठवणारा शेवटचा माहीत असलेला मुक्काम म्हणून जर्मनी लिहितो, घेणारा इटली मूळ देश म्हणून फिनलंड लिहितो. त्यामुळे 'फिनलंडची बाजारपेठ जर्मनी' हे वाक्य जर्मनीच्या आयातीच्या आकड्याशी ताडून बघितल्याशिवाय लिहू नका. नेदरलंड्स आणि बेल्जियमच्या बाबतीत तर हा प्रकार आणखी दाट आहे, आणि तुमच्या जोडीत यांच्यापैकी एक असेल तर पुनर्निर्यातीचा प्रश्न आधी सोडवावा लागेल.

आरशाची तुलना टनांत करा, डॉलरमध्ये नको. भाड्या-विम्याचा गोंधळ टळतो. एखाद्या वर्षी एका बाजूला क्रमांक रिकामा आणि दुसऱ्या बाजूला भरलेला सापडला, तर बहुतेक गोपनीयता. देशात एखादा माल एक-दोनच कंपन्या बनवत असतील तर सांख्यिकी खातं तो आकडा झाकून एखाद्या सर्वसाधारण क्रमांकात घालतं. गिरण्या बंद होत गेल्या तसा हा धोका वाढतो.

पायरी ९: वाटा आणि शेवटचा आलेख

जागतिक वाटा काढताना ताज्या वर्षापासून सावध राहा. सगळ्या देशांनी आकडे कळवलेले नसतात, त्यामुळे जगाची बेरीज अपुरी असते आणि वेळेवर कळवणाऱ्या दोघांचाही वाटा फुगतो. अलीकडचं एक वर्ष सोडून द्या, किंवा सर्व वर्षांत कळवलेल्या देशांचाच एक पक्का गट करून त्याला 'जग' म्हणा.

देशाच्या निर्यातीत कागदाचं महत्त्व मोजायला अर्थतज्ज्ञ बेला बलासा यांनी १९६५ ला मांडलेलं गुणोत्तर अजून वापरतात: देशाच्या निर्यातीतला कागदाचा वाटा भागिले जगाच्या निर्यातीतला कागदाचा वाटा. एकापेक्षा जास्त म्हणजे जगाच्या मानाने भर कागदावर. ते उतरतं तेव्हा एक खोच लक्षात ठेवा. कागद घटल्यानेही उतरतं आणि देशातली इतर निर्यात वाढल्यानेही. अंश आणि छेद वेगवेगळे छापल्याशिवाय नुसतं गुणोत्तर दाखवू नये.

आलेख किती? माझ्या मते तीन पुरतात. टनांचा निर्देशांक, दोन रेघा. युरोतल्या सरासरी भावाचा, दोन रेघा. आणि गटांचे रचलेले थर, दोन चौकटी. दोन देशांचा आकार फार वेगळा असेल तर उभा अक्ष लॉग स्केलवर घ्या, म्हणजे सारखी टक्केवारी सारख्याच चढाने दिसते. डावीकडे टन आणि उजवीकडे डॉलर असा दोन अक्षांचा आलेख मात्र काढू नका. मापं जरा सरकवली की त्यात कोणतीही रेघ कोणाच्याही वर नेता येते.

प्रत्येक आलेखाखाली एक ओळ लिहा: कोणते क्रमांक, एचएसची कोणती आवृत्ती, कोणतं चलन आणि कोणते विनिमय दर, कोणती वर्षं अंदाजाने भरलेली, आकडे कधी उतरवले. उतरवल्याची तारीख फाइलच्या नावातच घाला. देश आपले मागचे आकडे सुधारत राहतात, म्हणून सहा महिन्यांनी तीच फाइल पुन्हा उतरवा आणि दोन्ही शेजारी ठेवून वजाबाकी करा. शेवटच्या दोन-तीन वर्षांत शून्याशिवाय काही दिसलं तर आलेख नव्या आकड्यांवर पुन्हा काढा. त्याहून जुन्या वर्षांत दिसलं तर आधी तपासा की या वेळी तुम्ही एचएसची आवृत्ती तीच निवडली आहे ना.